पॉइंटवाल्या कार्डाचा वर्षभराचा हिशेब

गेल्या मार्चमध्ये हे क्रेडिट कार्ड घेतलं. बँकेचं नाव लिहीत नाही, अशा अटी बऱ्याच कार्डांना असतात. वार्षिक फी 499 अधिक जीएसटी, वर्षात एक लाख खर्च झाला तर माफ. दर 150 रुपयांना 2 पॉइंट, एका पॉइंटचे 25 पैसे. म्हणजे शंभराला तेहतीस पैसे. हा भागाकार मी वर्षानंतर केला.

आमचं वाणसामान पेठेतल्या एकाच दुकानातून यायचं. यादी दिली की संध्याकाळी पिशव्या घरपोच. तिथे स्वाइप मशीन नाही. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआरवर चालतं, पण माझं रुपे नाही. मग पॉइंटांसाठी मी सुपरमार्केटला जायला लागले आणि यादीत नसलेलंही टोपलीत पडायला लागलं. खर्चाची वही मी लग्नापासून लिहिते. वाणसामानाच्या पानावर महिन्याला साडेचार हजार असायचे, ते पाच हजार आठशेवर गेले. नोटा मोजताना हात थांबायचा, कार्ड देताना थांबला नाही.

फेब्रुवारीत ॲपवर हिरवी पट्टी आली: 'फी माफीसाठी फक्त 6,400 रुपये बाकी.' 589 रुपये वाचावेत म्हणून मी 6,499 चा मिक्सर आणला. जुना चांगला चालत होता. फक्त चटणीच्या भांड्याचं रबर गेलं होतं, ते चाळीस रुपयांत मिळतं.

वर्षअखेर पॉइंट निघाले 1,148. विम्याच्या हप्त्यावर आणि पेट्रोलवर मिळतच नाहीत, हे तेव्हा कळलं. त्यांचे झाले 287 रुपये. ते वळते करून घ्यायला 99 अधिक जीएसटी, म्हणजे 117 कापले. हाती आले 170.

बाकी सेवेला नाव ठेवणार नाही. मेसेज लगेच येतो, बिल वेळेवर येतं. दर महिन्याला पूर्ण बिल भरलं, त्यामुळे व्याजाचा एक रुपया लागला नाही. कार्ड आता विम्याच्या हप्त्यापुरतं ठेवलंय.

वाणसामान परत पेठेतून सुरू केलं. मशीन का ठेवत नाही, असं दुकानदार काकांना विचारलं. ते म्हणाले, "प्रत्येक स्वाइपमागे आमचे टक्का-दोन टक्के कापतात, तुमचे पॉइंट त्यातूनच येतात. साखरेत मला तेवढं सुटत नाही, ताई."