गोधडी की क्विल्ट? आधी दुपार कुणाबरोबर घालवायची ते ठरवा

माझ्या थोरल्या नणंदबाई फेब्रुवारीत बँकेतून निवृत्त झाल्या. आठवा दिवस उजाडायच्या आत फोन. "तुमच्या त्या गोधडीच्या बायकांत येऊ, की स्टेशनजवळ क्विल्टिंगचा क्लास निघालाय तो लावू?" मी दोन्ही केलंय. आधी तीन वर्षं क्लास आणि मशीन, आणि आता पाच वर्षं सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळवार-शुक्रवारी हातावरची गोधडी. फोनवर मी "दोन्ही छान आहे हो ताई" असं गुळमुळीत बोलून मोकळी झाले. खरं उत्तर थोडं लांब आहे.

तसं बघितलं तर वस्तू एकच. वरचं कापड, आत भरण, खाली अस्तर, आणि तिघांना धरून ठेवणारे टाके. क्विल्टमध्ये भरण म्हणून पॉलिएस्टरचा किंवा सुती थर विकत आणतात. गोधडीत जुन्या साड्यांच्या घड्याच पोटात जातात. आमच्या साताऱ्याकडे सासूबाई 'वाकळ' म्हणतात. गोधडी हा शब्द त्यांना जरा शहरी वाटतो.

गोधडी घालायची म्हणजे आधी जमीन झाडून कोरडी करायची. अस्तर अंथरायचं, कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, हाताला येईल ते वजन ठेवायचं. त्यावर साड्या, एकीचीही सुरकुती राहू न देता. सगळ्यात वर ठेवणीतलं, जरा उठावदार लुगडं. मग लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायची आणि चौघींनी चार कडांना बसायचं. कडेपासून आत, चौकोनात चौकोन, साधा धावदोरा. आखणी नाही, माप नाही. रंग कोणते, हे घरात कोणत्या साड्या विटल्या त्यावर ठरतं. आम्हाला एका गोधडीला सहा-सात आठवडे लागतात. पूर्ण झाल्यावर लांबून बघितलं तरी कुठला कोपरा कुणाचा ते सांगता येतं. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा भुईमुगाच्या शेंगेएवढा. शेंगवालीला कुणी काही बोलत नाही. दुसरीचा टाका उसवायचा नाही, हा आमच्याकडचा एकमेव कायदा आहे.

मशीनवरचं क्विल्ट याच्या बरोबर उलट टोकाला आहे. तिथे सगळा खेळ मापाचा. माझं पहिलं एका माणसाच्या पलंगाचं क्विल्ट नऊ चौकोनी तुकड्यांच्या ठोकळ्यांचं होतं. ठोकळे ५४, म्हणजे साडेतीन इंची चौकोन ४८६. जोडताना शिलाई पाव इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत. मी अर्धं सूत जास्त घेत होते आणि मला पत्ता नव्हता. अर्धं सूत इकडून, अर्धं तिकडून, म्हणजे दर जोडाला एक सूत कापड गडप. आडव्या ओळीत १८ चौकोन, १७ जोड. ओळ दोन इंच एक सूत आखूड. पलंगावर टाकल्यावर कळलं, तेव्हा रडू आलं नाही एवढंच.

पण त्यातला आनंदही खोटा नाही. कापलेले चौकोन फरशीवर मांडायचे, स्टुलावर चढून वरून बघायचं, हा इकडे, तो तिकडे. क्लासच्या बाईंनी एक युक्ती शिकवली होती: मांडणीचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो काळा-पांढरा करायचा. मग रंगांनी भुललेल्या डोळ्यांना गडद कुठे गोळा झालंय, फिकं कुठे, ते चटकन दिसतं. चौकोनांची टोकं एकमेकांना अचूक भिडली की जे वाटतं ते मला गोधडीत कधी वाटलेलं नाही.

मशीन म्हणजे कारागिरी आणि गोधडी म्हणजे काटकसर, असं मात्र कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. अमेरिकेतल्या अलाबामात गीज बेंड म्हणून नदीच्या वळणातलं गाव आहे. पूर्वी गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका शेतात घालून विटलेल्या पँटी, शर्ट, पोती फाडून थंडीसाठी क्विल्ट करायच्या. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी मिळून सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांची क्विल्ट ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागली, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आली. त्यांचा एक आवडता आराखडा आहे, 'हाउसटॉप'. चौकोनाभोवती चौकोन. क्लासमध्ये त्याचा फोटो दाखवला तेव्हा मी म्हणाले, अहो ही तर आमच्या आजेसासूबाईंची वाकळ! आपल्या शेजारी कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकन वंशाच्या समाजातल्या, बायकाही जुन्या कपड्यांचीच 'कवंद' नावाची गोधडी करतात आणि कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांची फुलं लावतात. थंडी आणि जुनी कापडं जिथे आहेत तिथे बायकांनी हे केलंय. फॅशन मागाहून आली.

आता मैत्रीचं. इथे मी पक्षपाती आहे, आधीच सांगते.

मशीन चालू असताना बोलता येत नाही. सहा मशीनं एका खोलीत, प्रत्येकीची मान खाली. गप्पा होतात त्या कापायच्या टेबलाशी, इस्त्रीपाशी, आणि त्या बहुधा कापडाच्याच. "हा अजरख कुठून आणलात?" तीन वर्षांत माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईंकडे कोणतं कापड किती आहे ते मला पाठ होतं. त्यांचे यजमान वर्षभर डायलिसिसवर होते, हे मला क्लास सोडल्यावर तिसरीकडून कळलं. गोधडीवर असं काही दुसऱ्या शुक्रवारच्या पुढे लपत नाही. हात कामात आणि नजर टाक्यावर असली की माणूस समोरच्याकडे न बघता बोलतं, आणि न बघता बोलायला सोपं जातं.

याची दुसरी बाजूही ऐका. लपत नाही म्हणजे खरंच लपत नाही. मुलाचं लग्न का लांबलं, सुनेशी पटतं का, पेन्शन किती बसली, हे सगळं टाक्याटाक्याला विचारलं जाणार. ज्यांना घराबाहेर दोन तास कुणी काहीही विचारू नये असं वाटतं, त्यांनी खुशाल क्लास लावावा. ती काही कमी प्रतीची गरज नाही. क्लासातल्या ओळखीही टिकतात, फक्त त्या तुकड्यांच्या देवाणघेवाणीने टिकतात. मला अजून दिवाळीत एकीकडून फराळाबरोबर चार निळे तुकडे येतात.

आणि खाणं. यावर माझ्या मते निम्मा निर्णय व्हावा.

कापड आणि हळद यांचं वैर आहे. माझ्या पहिल्या क्विल्टच्या पांढऱ्या पट्टीवर पोह्यांचा हात लागला. घाईने साबण चोळला, तर पिवळा डाग लालभडक झाला. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते. तो डाग शेवटी चार दिवस उन्हात ठेवून गेला. त्यामुळे क्लासमध्ये खाणं वेगळ्या खोलीत, ठरल्या वेळी, हात धुऊन. गंमत अशी की वेळ ठरलेली असल्यामुळे डबे एकदम जंगी यायचे. वालाची उसळ, भरली वांगी, कुणाची तांदळाची भाकरी. एकीने रोज भाजीला वेगळं वाटण करून आणायचं आणि बाकीच्यांनी घटक ओळखायचे, असा खेळ चालायचा. मी मसाल्याचं जे काही शिकले ते त्या टेबलावर.

गोधडीवर चोवीस तास हात कापडावर, म्हणून तिथे कोरडा खाऊ: फुटाणे, गूळ-दाणे, केळी. भडंग आवडतं सगळ्यांना, पण तेल-हळदीमुळे त्याला बंदी. चहा लांबच्या खिडकीत. खरं जेवण शेवटच्या दिवशी, गोधडी उचलल्यावर त्याच जमिनीवर पंगत बसते. धपाटी, दही, खर्डा, आणि जिची गोधडी तिने गोड करायचं. आमच्यातल्या सोलापूरकडच्या मावशी शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा सुका तुकडा सरकवतात. गोधडीचं पोट उपाशी नको म्हणतात. मुंग्यांची काळजी वाटते ती फक्त मला.

घरचा स्वयंपाक सांभाळून करायचं असेल तर गोधडीच सोयीची. कुकर लावून मांडीवर घेता येते, तिसऱ्या शिट्टीला सुई खोचून उठता येतं. मशीनचा पसारा मोठा. मशीन, इस्त्री, कापायची चटई, गोल पात्याची कातर. आमचं जेवणाचं टेबल आठवडाभर अडकायचं आणि घरचे निमूट खाली बसून जेवायचे. पहिले दोन आठवडे निमूट, मग बोलायला लागले.

पैशांचं फार लांबवत नाही. गोधडीला सुई, जाड दोरा, अंगुस्तान. बाकी कपाटात आहेच. क्विल्टला मशीन सोडूनही वर चार मीटर, अस्तराला पाच मीटर कापड, भरण वेगळं. आणि एक सांगते, खर्च पहिल्या क्विल्टचा नसतो, पुढे कापड बघितलं की पाय थांबतो त्याचा असतो.

गुडघे मात्र लक्षात घ्या. गोधडीच्या पहिल्या फेऱ्या जमिनीवरच बसून घालाव्या लागतात. कडेच्या फेऱ्या झाल्या की मांडीवर घेऊन खुर्चीत बसता येतं. आमच्यात दोघी तेवढ्यासाठी उशिरा येतात. मशीनवर गुडघे वाचतात, मान आणि खांदे जातात. आणि ओली गोधडी एकटीने पिळायच्या भानगडीत पडू नका, त्याला दोघी लागतात.

कोणतंही निवडा, सुरुवात दुपट्याने करा. सव्वा मीटर लांब-रुंद पुरे. बाळ कुणाच्या ना कुणाच्या घरी असतंच, आणि त्याला वाकडे टाके कळत नाहीत. मऊ जुन्या सुती साडीचं दुपटं असेल तर त्याच्यापुढे बाजारातलं नवं कापड उभं राहत नाही, हे मी क्लासच्या बायकांसमोरही म्हणते.

राहिल्या आमच्या ताई. मी स्वतः गोधडीवाली, तरी त्यांना क्लासच लावा म्हणणार आहे. चौतीस वर्षं रोजची रोकड पैशापर्यंत जुळवल्याशिवाय त्या घरी आल्या नाहीत. पाव इंचाची शिलाई त्यांना मानवेल, ४८६ चौकोन त्या दोनदा मोजतील आणि खूश होतील. शेंगेएवढा टाका त्यांच्याच्याने बघवणार नाही. चहाला बाकीच्या उठल्या की त्या हळूच उसवतील, आणि मग मला पाच वर्षांच्या मैत्रिणी राहणार नाहीत.

पण मंगळवारी नुसतं बघायला येते म्हणाल्या. रिकाम्या हाती कसं यायचं, म्हणून गोडाचा सांजा आणणार आहेत. तुपाचे हात होतात, हे मी अजून बोललेले नाही.