स्पाइकला शून्य पॉइंट: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या स्प्रिंट-बोर्डाला (स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक छोटा टप्पा) जोडलेल्या वेलॉसिटी-अहवालाच्या प्लगइनचे नूतनीकरणाचे बिल नुकतेच आले आणि मी ते मंजूर केले नाही. वेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे पॉइंट आणि पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज. संशोधनाच्या कामाला, म्हणजे स्पाइकला, शून्य पॉइंट देण्याची पद्धत आम्ही बरेच महिने वापरत आहोत आणि हे प्लगइन त्या पद्धतीसाठीच घेतले होते. म्हणून दोन्हींचा अनुभव एकत्र लिहितो.

पूर्वी आम्ही स्पाइकलाही स्टोरीप्रमाणे, म्हणजे ग्राहकाला द्यायच्या कामाप्रमाणे, तीन किंवा पाच पॉइंट देत असू. वेलॉसिटीचा आलेख स्थिर दिसे, परंतु रिलीजची तारीख सतत पुढे जाई. समजा, बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, २४० पॉइंट उरले आहेत आणि वेलॉसिटी ३० आहे, तर आठ स्प्रिंट लागतील असे उत्तर येते. मात्र त्या ३० पैकी ६ पॉइंट स्पाइकचे असतील, तर पुढे उद्भवणारे स्पाइक उरलेल्या २४० मध्ये धरलेलेच नसतात, कारण त्यांची गरज अजून कोणाच्या लक्षातही आलेली नसते. त्यामुळे २४० ला २४ ने भागावे लागते आणि दहा स्प्रिंट लागतात. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटच्या हिशेबाने हा जवळपास महिन्याचा फरक आहे. शून्य पॉइंट देऊ लागल्यापासून आमचे अंदाज या एका कारणाने चुकणे थांबले.

पद्धतीचा दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. पावतीच्या पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरे तुटत होती आणि त्या स्टोरीला कोणी तीन पॉइंट म्हणे, कोणी तेरा. दोन दिवसांचा टाइमबॉक्स, म्हणजे वेळेची मर्यादा, ठरवून स्पाइक घेतला, तेव्हा कळले की आमची पीडीएफ लायब्ररी अक्षरांची जुळणीच करत नाही, क्रोमियम ब्राउझरचे इंजिन मात्र हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी वापरून ती नीट करते. प्रयोगाचा कोड आम्ही टाकून दिला, परंतु निर्णय हाती आला आणि स्टोरीला पाच पॉइंटवर सर्वांचे एकमत झाले. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या सॉफ्टवेअर-विकासाच्या पद्धतीत स्पाइक याच कामासाठी आला: ज्ञान मिळवण्यासाठी, ग्राहकाच्या हाती काही देण्यासाठी नव्हे.

आता प्लगइनविषयी. आमची मागणी एकच होती: पूर्ण झालेल्या पॉइंटच्या स्तंभाशेजारी त्याच स्प्रिंटमध्ये स्पाइकवर गेलेले दिवस दिसावेत. ते दिसत नाहीत. ज्या स्प्रिंटमध्ये दोन माणसे आठवडाभर संशोधनात गुंतली, त्या स्प्रिंटचा स्तंभ नुसता बुटका दिसतो आणि दर आढाव्यात तोच प्रश्न येतो की टीम मंदावली का. स्प्रिंटची पद्धत सांगणाऱ्या स्क्रम गाइड या अधिकृत मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीत वेलॉसिटी हा शब्दही नाही, हे सांगून त्या प्रश्नाचे समाधान होत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला कारण आलेखावरच दिसले पाहिजे. सपोर्टकडे तक्रार नोंदवल्यावर स्पाइकलाही पॉइंट द्यावेत असे उत्तर आले, म्हणजे ज्या दोषापासून आम्ही सुटलो त्याच्याकडेच परत जावे. त्यातच शुल्क बोर्डावरील सर्व खात्यांचे आकारले जाते. हा अहवाल एकच टीम पाहते आणि पैसे मात्र विक्री व मदत विभागांच्या खात्यांचेही भरावे लागतात. हे मला मुळीच पटत नाही.

पद्धतीविषयीचे माझे मत मात्र मध्यंतरी बदलले. सुरुवातीला मी शून्याचा नियम सर्वत्र लागू करावा असे मानत होतो. मग डेटाबेस बदलण्याचे काम आले, ज्यात करायच्या स्पाइकची यादी आधीच तयार होती आणि तिचा बहुतेक भार सुरुवातीच्या स्प्रिंटमध्ये होता. तेव्हाची सरासरी घेऊन काढलेली तारीख विनाकारण दूरची आली, कारण संशोधन संपल्यावर टीमचा वेग वाढणार हे त्या आकड्याला कळत नव्हते. सेफ (SAFe) या मोठ्या संस्थांसाठीच्या कार्यपद्धतीत स्पाइकलाही इतर स्टोरीप्रमाणे अंदाज देतात. स्पाइक आधीच बॅकलॉगमध्ये लिहिलेले असतील तर ते योग्यच आहे, कारण मग भाज्य आणि भाजक या दोन्हींत संशोधन असते. दोष संशोधन एकाच बाजूला धरण्यात आहे. म्हणून आम्ही आता आधी माहीत असलेल्या स्पाइकला पॉइंट देतो आणि ते वेगळ्या लेबलखाली ठेवतो. आयत्या वेळी उद्भवलेल्यांना शून्य देतो आणि त्यांचा टाइमबॉक्स प्लॅनिंगच्या वेळीच टीमच्या उपलब्ध दिवसांतून वजा करतो.

प्लगइनऐवजी एक सामायिक स्प्रेडशीट केली आहे, जिच्यात प्रत्येक स्प्रिंटचे पॉइंट आणि स्पाइकचे दिवस शेजारी दिसतात. ती भरायला थोडा वेळ लागतो आणि पैसे लागत नाहीत. स्टोरीच्या पोटातच दडलेले संशोधन, जे कोणी स्पाइक म्हणून वेगळे काढत नाही, ते अजूनही या हिशेबात येत नाही.