मातोझिन्योशची मासे भाजणारी गल्ली: जेवण पैकीच्या पैकी, वजन मात्र आधी विचारा

पोर्तुगालमधल्या पोर्तोला जाणार असाल तर एक संध्याकाळ शेजारच्या मातोझिन्योश गावासाठी ठेवाच. मी आणि ताई जूनमध्ये गेलो होतो, चार दिवसांत दोनदा तिथेच जेवलो आणि तिसऱ्यांदाही गेलो असतो पण तो सोमवार निघाला आणि सोमवारी तिथल्या बऱ्याच जागा बंद असतात, तेव्हा दिवस बघून जा.

त्रिंदादे स्टेशनवरून मेट्रोची निळी ए लाईन पकडायची, साधारण अर्ध्या तासात मेर्कादु स्टेशन. तिथेच मासळी बाजार, पलीकडे लेशोइंश बंदर, आणि जवळच रुआ इरोइश द फ्रान्सा नावाची गल्ली जिथे एकाला लागून एक माशांची रेस्टॉरंट. यांच्या शेगड्या आत किचनमध्ये नसतात, बाहेर फूटपाथवरच असतात. कोळसा, धूर, आणि चिमटा घेऊन उभा असलेला माणूस जो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मासा उलटत असतो. मला हे फार आवडलं कारण काही लपवायला जागाच नाही, मासा शिळा असेल तर तिथेच कळेल.

आधी सार्डिनबद्दल. जून ते ऑगस्ट ही सार्डिन चरबीने भरलेली असते, आणि 23 जूनच्या रात्री पोर्तोत सां जुआंवचा सण असतो तेव्हा तर सगळं शहर हीच भाजून खातं. अख्खा मासा, आतडीही काढत नाहीत, वर फक्त खडेमीठ. मसाला नाही, मॅरिनेशन नाही, काही नाही. मला आधी वाटलं चव कुठून येणार, पण पहिला घास घेतला आणि आम्ही दोघी गप्पच झालो. साल करपून खमंग झालेली, आतलं मांस रसाळ, बोटाने ढकललं की काट्यावरून सुटून येतं. सोबत मक्याचा जाड पाव देतात, ब्रोआ म्हणतात त्याला. शेजारच्या टेबलावरच्या आजी मासा थेट पावावर ठेवून खात होत्या, त्यांचं बघून आम्हीही तसंच केलं. सगळी चरबी पावात मुरते आणि शेवटी तो पाव खायचा. खरं सांगते, त्या जेवणातला सगळ्यात भारी घास तो पावाचाच होता. उकडलेले बटाटे आणि भाजलेल्या सिमला मिरचीचं सॅलड पण येतं, ठीक आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ताईने वीन्यु वेर्द ही वाइन घेतली, हलकी आणि किंचित फसफसणारी, तिच्या मते चरबीच्या माशाबरोबर एकदम बरोबर जाते.

आता तक्रार. मोठे मासे म्हणजे रोबालो, दोरादा, लिंग्वादु हे किलोच्या भावाने असतात, मेनूवर दिसतो तो आकडा एका प्लेटचा नसून किलोचा असतो. पहिल्या दिवशी वेटरने आम्हाला बर्फावरचे मासे दाखवले, एक चकचकीत डोळ्यांचा रोबालो उचलून हा चालेल का विचारलं आणि आम्ही मान डोलावली. वजन त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. निघाला 1 किलो 300 ग्रॅम, 38 युरो किलोने, म्हणजे एकटा मासाच जवळपास 50 युरो, आणि दोघींना संपलाही नाही. मासा सुंदरच होता, पण काट्यावर ठेवून वजन आणि रक्कम सांगायला पाच सेकंदं लागतात, ते त्याने करायला हवं होतं.

दुसरं, बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणि ऑक्टोपसचं सॅलड टेबलावर आलं. याला कुवेर्त म्हणतात आणि ते फुकट नसतं. आम्ही पाव आणि ऑलिव्ह खाल्ले, बाकीच्याला हात लावला नाही, तरी बिलात ऑक्टोपसचे 9 युरो होते. पोर्तुगालचा कायदा स्पष्ट आहे, गिऱ्हाइकाने मागवलं नाही आणि खाल्लंही नाही त्याचे पैसे लावता येत नाहीत. आम्ही शांतपणे दाखवल्यावर लगेच कमी केले, माफीही मागितली. तरी समजा कोणी ऐकलंच नाही तर तक्रारवही मागा, लिव्रु द रेक्लामासोइंश, प्रत्येक रेस्टॉरंटला ती ठेवावीच लागते. नको असेल ते आलं की तिथल्या तिथे परत न्यायला सांगा, कोणी वाईट मानत नाही.

दुसऱ्या जेवणाआधी समुद्रावर फिरायला गेलो. तिथे हात वर करून आक्रोश करणाऱ्या बायकांचं शिल्प आहे. डिसेंबर 1947 मध्ये एका रात्रीच्या वादळात चार मासेमारी बोटी बुडाल्या आणि 152 माणसं गेली, त्यांच्या घरच्यांचं ते स्मारक. आम्ही बराच वेळ तिथे उभ्या होतो. त्यानंतर जेवायला बसलो तेव्हा ताट आलं तरी ताई लगेच खायला लागली नाही, थोडा वेळ त्या माशांकडे बघत राहिली.

त्या दिवशी आम्ही गल्लीतच दुसऱ्या जागी गेलो, फक्त सार्डिनच्या दोन प्लेट, सॅलड आणि पिणं मागवलं, बिल 38 युरो, टॅक्स त्यातच धरलेला. बुकिंग नव्हतं पण सातला पोचलो म्हणून बाहेरचं टेबल मिळालं, अगदी शेगडीजवळचं. कपड्यांना रात्रभर धुराचा वास येत होता आणि नऊपर्यंत उजेड होता, तोपर्यंत आम्ही उठलोच नाही.