सुती कापड मागवताना एफओबी की सीआयएफ?

पहिल्यांदा बाहेरून कापड मागवणाऱ्याला सीआयएफ भाव सुटसुटीत वाटतो. जहाजाचं भाडं आणि विमा विक्रेत्याने बघायचा, आपण आयात शुल्क भरून माल उचलायचा. माझ्या पहिल्या दोन ऑर्डरी अशाच होत्या. आता मी एफओबीच घेतो, म्हणजे विक्रेता माल जहाजावर चढवून देतो आणि पुढचं भाडं-विमा मी बघतो.

आधी शुल्काचं बोलू, कारण बरेच जण तिथेच अडकतात. करार बदलला म्हणून शुल्क वाचेल, असं नाही. ते कोणत्या रकमेवर लावायचं हे देशाचा कायदा ठरवतो. युरोपीय संघात भाडं-विमा धरून शुल्क लागतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आंतरराष्ट्रीय वाहतूक वगळून. त्या देशांत सीआयएफ घेत असाल तर बिलावर भाडं आणि विमा वेगळे दाखवून घ्या, नाहीतर त्यांच्यावरही शुल्क भरायची वेळ येते. शुल्काचा दर ज्यावरून ठरतो ते मालाचं वर्गीकरणही दोन्ही करारांत एकच. ८५ टक्के किंवा जास्त कापूस असेल तर २०० जीएसएमपर्यंत (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) सीमाशुल्काचा क्रमांक ५२०८ आणि त्यावर ५२०९. त्यामुळे ट्विल किंवा हलकं कॅनव्हास १९८-२०२ च्या घरात असेल, तर नमुना वजन करून घेतल्याशिवाय हिशोब मांडू नये.

माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. पॉपलिनचे २२ तागे, जेमतेम सव्वा घनमीटर माल, इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून आला. सीआयएफ भावात धरलेलं भाडं इतकं कमी होतं की मला विक्रेत्याचं कौतुक वाटलं होतं. जहाज लागलं आणि आमच्या बंदरातल्या एजंटचं बिल आलं. डीस्टफिंग (कंटेनर रिकामा करणं), टर्मिनल हँडलिंग, डॉक्युमेंटेशन, डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायची चिठ्ठी), चलनफरक अशा एकाखाली एक ओळी. बेरीज समुद्रभाड्याच्या वर गेली. मी दर कमी करायला सांगितलं, तर उत्तर अगदी नम्र होतं: "साहेब, आमचा करार तुमच्याशी नाही." पैसे भरल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर मिळत नाही आणि गोदामाचं भाडं तर रोज चढत असतं. भरले.

पुढे कळलं की थोड्या मालात हे सर्रास चालतं. विक्रेत्याच्या बाजूला भाडं पाडून सांगायचं आणि ते उतरण्याच्या बंदरात आयातदाराकडून वसूल करायचं. एफओबीतही हे खर्च असतातच, ते शून्य होत नाहीत. पण फॉरवर्डर, म्हणजे वाहतुकीची सगळी व्यवस्था बघणारा, मी नेमलेला असतो. दोन्ही टोकांचे दर तो आधी लेखी देतो आणि चुकला तर जाब मला देतो. मीटरमागे घरपोच किंमत काढताना मला एवढीच खात्री हवी असते.

विम्याचाही एक मुद्दा आहे. वेगळं ठरलं नसेल तर सीआयएफमध्ये विक्रेत्याला किमान, म्हणजे मालविम्याच्या ए, बी, सी या कलमांपैकी सी कलमांचाच विमा काढावा लागतो. आग, टक्कर, जहाज बुडणं हे त्यात बसतं. कंटेनरच्या छताच्या भोकातून आलेलं पाणी बसत नाही. सुती कापडाला खरी भीती पाण्याचीच. शिवाय दोन्ही करारांत माल जहाजावर चढला की जोखीम आपली. मी ए कलमांचा, म्हणजे सगळ्यात व्यापक, विमा स्वतः काढतो.

पूर्ण कंटेनर भरत असेल आणि विक्रेत्याला जहाज कंपनीकडून घाऊक दर मिळत असेल, तर सीआयएफ स्वस्त पडू शकतं. तसं करणारे ओळखीचे लोक आहेत आणि त्यांचं ठीक चाललं आहे. (कंटेनरच्या मालासाठी एफओबीऐवजी एफसीए, म्हणजे माल ठरल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात देणं, नेमकं, असं इन्कोटर्म्स, म्हणजे व्यापारातल्या या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम, सुचवतात. पण गिरण्या भाव एफओबीतच सांगतात.) पाच-दहा घनमीटरच्या आत मात्र मला सीआयएफ परवडलेलं नाही.

तरी तेच घ्यायचं ठरलं, तर ऑर्डर पक्की करण्याआधी विक्रेत्याकडून आपल्या बंदरातल्या एजंटचं नाव मागून घ्या आणि त्याचं दरपत्रक हातात आल्यावरच आगाऊ रक्कम पाठवा.