१९९१ ची मियाटा, अठरा महिन्यांनंतर: पैसे रंगावर घातले आणि गाडी पाण्याने खाल्ली होती

अठरा महिने झाले आणि गाडी ५,४०० मैल चालली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत लिहिलं असतं तर निव्वळ कौतुक झालं असतं आणि सहाव्या महिन्यात निव्वळ शिव्या.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, इकडे अमेरिकेत जिला सगळे मियाटा म्हणतात. १.६ लिटरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, पाच गिअर, जोर मागच्या चाकांना, दोन सीट, कापडी टप आणि वजन हजार किलोच्याही आत. मी न्यू जर्सीत एका घराच्या मागच्या अंगणातून २,६०० डॉलरला उचलली. चार वर्षं पाइनच्या झाडाखाली निळ्या ताडपत्रीत गुंडाळून पडली होती. मालक म्हणाला, "झाकून ठेवली होती, बघा." मलाही तो प्लस पॉइंट वाटला.

बाबा कराडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांना माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस आठवते, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली तेव्हा आधी हसले. मग म्हणाले, "अरे, इंजिनाचं नंतर बघ. पाणी कुठनं आत जातंय आणि कुठनं भाईर पडतंय, ते आधी शोध." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पॉलिशिंग मशीन ऑर्डर केलं.

पहिले दोन महिने काय केलं ते लिहायलाही लाज वाटते. लाल रंग उन्हाने गुलाबी पडला होता, तो घासून वर आणला. सीटला नवी लेदर कव्हरं, लाकडी गिअर नॉब, चार जुनी पण भारी अलॉय चाकं. एका वर्कशॉपकडून बॉनेट आणि एक फेंडर रंगवून घेतला. त्यांनी मागच्या चाकापुढचा एक फुगवटाही "जाता जाता" लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करून दिला. साधारण १,४०० डॉलर गेले. गाडी फोटोत झकास दिसायची. आत बसलं की मात्र पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीसारखा वास यायचा. मी डॅशबोर्डवर सुगंधी डबी ठेवली.

मार्चमध्ये एकदा वळणावर ड्रायव्हरच्या सीटखालून पाणी हेलकावल्याचा आवाज आला. त्या शनिवारी चौदाच्या सॉकेटने दोन्ही सीट काढल्या. गालिचा उचलायला गेलो तर भिजलेल्या गोधडीइतका जड. खालच्या फोममधून पाणी पिळून निघालं, मोजलं नाही पण अर्धी बादली सहज.

हे कळायला या गाडीची रचना माहीत हवी. टपावर पडलेलं पाणी मागच्या कडेला एका प्लास्टिकच्या पन्हाळीत जमतं. तिथून ते दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या मनोऱ्याच्या मागे असलेल्या दोन भोकांतून नळीने खाली उतरतं आणि मागच्या चाकापुढे जमिनीवर पडतं. ती भोकं पाइनच्या काड्यांनी बुजली की पाणी तुंबतं आणि गाडीत व दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरतं. त्या पत्र्याला सिल म्हणतात. तो आतून कुजतो. बाहेरून फक्त एक छोटा फुगवटा दिसतो, आणि माझा फुगवटा तर मी पैसे देऊन लपवून घेतला होता.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं. लांबी फुटली, मागचा पत्रा पापडासारखा मोडला आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या बाजूला तेच, जरा कमी.

वेल्डिंग मी केलं नाही. यूट्यूब बघून पातळ पत्र्याला वेल्डिंग शिकायची इच्छा होती, पण सिल हा गाडीच्या मजबुतीचा भाग आहे आणि वर छत नाही, म्हणजे बराचसा भार त्याच्यावरच. एका म्हाताऱ्या वेल्डरने दोन्ही बाजू कापून तयार पॅनल बसवून दिली, ९०० डॉलर घेतले आणि एक पैसाही जास्त वाटला नाही. आत मेणाचा फवारा मी स्वतः मारला. भोकं मात्र गवत कापायच्या मशीनच्या नायलॉन दोरीने साफ केली. तारेने नळी फाटते आणि कॉम्प्रेसरची हवा मारली तर नळी खालून निसटू शकते. दोरी अडीच डॉलरची. उजव्या बाजूने जो काळा लगदा बाहेर आला तो बघून बायकोने गॅरेजमध्ये पाय ठेवायचं बंद केलं.

तिथून पुढे सगळं काम पाण्याच्या मागे मागे गेलं. डिकीतही ओल होती, ती टेललाइटच्या मागच्या सुकलेल्या गॅस्केटमधून. या गाडीची बॅटरी डिकीत असते, त्यामुळे तिच्या तळाचा पत्रा गंजायला लागला होता. टप बदलला. कापड साधंच घेतलं पण मागची काच खरी घेतली, जुनी प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून धुक्यासारखी झाली होती. टपाबरोबर ती पन्हाळही नवी घ्या, जुनी काढताना हमखास तडकते. पंधरा-वीस नटं आहेत आणि प्रत्येक नट अशा जागी की हात जातो तर डोळा जात नाही. मला दोन शनिवार-रविवार लागले.

ब्रेक ऑइल काढलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, कॅलिपर आतून गंजतात. मागचा डावा जाम होता, म्हणूनच गाडी ब्रेकला एका बाजूला ओढायची. क्लचचं तेच झालं. एके संध्याकाळी सिग्नलला पेडल दाबलं ते वर आलंच नाही. गिअरबॉक्सजवळचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने क्लच ढकलणारा, गळत होता. या गाडीचं हे जुनं दुखणं आहे आणि पार्ट स्वस्त. वरचा, पेडलकडचा मास्टर सिलिंडर तेव्हाच बदलला असता तर बरं झालं असतं, तो दोन महिन्यांनी गेला. रेडिएटरच्या वरच्या टाकीचं प्लास्टिक मुळात काळं असतं, माझं गुळासारखं तपकिरी झालं होतं. तसं दिसलं की फुटायची वाट बघू नये.

इंजिन? इंजिन या सगळ्यात सगळ्यात सभ्य निघालं. एक भीती होती. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, पुढचं नाक आखूड असतं. तिथला बोल्ट नीट आवळलेला नसेल तर पुली जागी धरणारी चावी (खाचेत बसणारी छोटी लोखंडी पाचर) खेळायला लागते, खाच झिजते आणि मग इंजिनाची टायमिंगच भटकते. ओळखायची खूण म्हणजे पुढच्या पुलीच्या मध्यभागी चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. माझ्या पुलीत टॉर्च मारला, चार. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमना जोडणारा पट्टा, साठ हजार मैलांना बदलायचा असतो, माझ्या गाडीचा कधी बदलला याची नोंदच नव्हती. तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना लागत नाहीत, ही मोठी सोय आहे, पण रस्त्यात अडकायचं तर अडकतोच. बाबांना कॉलवर घेऊन फोन बॉनेटच्या सळईला बांधला. क्रँकचा बोल्ट सोडवला, चावी आणि खाच बोटाने चाचपली. कड शाबूत होती. बाबा म्हणाले, "हलवून बघ. अजून. ऱ्हाऊ दे, चांगलंय." ऑइल सील नवं घातलं, बेल्ट चढवला. दोन कॅमच्या पुल्यांवर आय आणि ई अशा खुणा असतात, त्यांच्यामध्ये बेल्टचे १९ दात मोजून आले पाहिजेत. मला एकदा १९ आले, एकदा १८. बाबांनी खडूने एक-एक दातावर रेघ मारायला लावली. १९. इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा मोजले. बोल्ट टॉर्क रेंचने आवळला, अंदाजाने नाही. या एका बोल्टसाठी रेंच विकत घ्यावा लागला तरी घ्या.

आणखी एक खर्च वाचवणारी गोष्ट. गिअरबॉक्सच्या तोंडाशी तेल दिसलं की सगळे सांगतात क्रँकच्या मागच्या टोकाचं मेन सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा. माझ्या गाडीला तेल वरून येत होतं. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला, फायरवॉलला म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला चिकटून, कॅम अँगल सेन्सर आहे. त्याची रबरी रिंग कडक झाली होती. रिंग दोन डॉलरची, बोल्ट एकच, बारा एमएमचा. काढण्याआधी सेन्सर कुठल्या कोनात आहे त्याची खूण करा, कारण इग्निशन टायमिंग त्यावरच ठरतं. मी खूण केली आणि मग ती कापडाने पुसून टाकली. शेवटी डायग्नॉस्टिक डबीत टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं जोडून, टायमिंग लाइट लावून पुन्हा १० अंशांवर आणलं.

आता रोजच्या वापराचं. सत्तर मैलांच्या वेगाला पाचव्यात इंजिन ३,७०० च्या आसपास फिरतं, वर कापडी टप, त्यामुळे हायवेवर शेजारच्याशी बोलायचं म्हणजे लग्नातल्या बँडशेजारी बोलणं. सहा फुटांपेक्षा उंच माणसाचं डोकं टपाला लागेल. डिकीत वाणसामानाच्या चार पिशव्या बसतात. थंड इंजिन दोन-तीन मिनिटं टकटक करतं, हायड्रॉलिक लिफ्टरचा आवाज आहे, ताज्या तेलाने कमी झाला पण गेला नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा गाडी बाहेर काढत नाही. गॅलनला २७ मैल पडतात, त्याबद्दल तक्रार नाही.

पार्टची चिंता करू नका. १९८९ साली शिकागोच्या शोमध्ये आलेली ही गाडी २०१६ पर्यंत हिरोशिमात दहा लाख बनली, तेव्हा इकडे सुटे भाग रबरापासून रेडिएटरपर्यंत मिळतात. भारतात करायचं म्हणाल तर मी सुचवणार नाही, तिथे ही गाडी विकायला आलीच नाही.

एकूण खर्च गाडी धरून ८,१०० डॉलर. आज विकली तर तेवढे येणार नाहीत. चाकं आणि लेदर कव्हरं केव्हाच विकून टाकली.

जूनमध्ये आई-बाबा आले होते. बाबांना घेऊन रूट २९ ने डेलावेअर नदीच्या कडेने फ्रेंचटाउनपर्यंत गेलो, टप उघडा. जाताना एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त गिअर पडला की माझ्या हाताकडे बघायचे. परतताना ढग आले, टप लावेपर्यंत थेंब सुरू झाले. घरी आल्यावर मी हेडलाइट खाली घेतले, ते बेडकासारखे मिटले, शेजारची पोरं हसली. बाबा उतरले ते थेट मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. सिलच्या खाली हात धरला. मग मला बोलावलं, तळहात दाखवला. ओला होता. "पडतंय," म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूला गेले.