कुत्र्यासोबत धावण्यासाठी कमरेचा पट्टा

कुत्र्यासोबत नियमित धावायचे असेल, तर हातात धरायच्या साध्या दोरीपेक्षा कमरेला बांधायचा पट्टा कितीतरी सोयीचा ठरतो, असे माझे वापरानंतरचे स्पष्ट मत आहे. दोन्ही हात मोकळे राहिल्याने धावण्याची लय बिघडत नाही, आणि दोरीचा मधला भाग लवचीक, ताणला जाणारा असल्यामुळे कुत्र्याने खारीमागे अचानक झेप घेतली तरी हिसका थेट पाठीला बसत नाही. पट्टा मात्र पोटावर न बांधता खाली, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवावा. घामाने ओला झाला की तो थोडा सैल पडतो, ही त्यातली खरी त्रुटी.

दोरीचे दुसरे टोक गळपट्ट्याला कधीही अडकवू नये. त्यासाठी छातीवरून जाणारा हार्नेसच हवा, कारण ओढ लागताच गळपट्टा श्वासनलिकेवर दाब देतो, आणि कुत्रा तर अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर सोडतो. त्यामुळे पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी आणि हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या पिल्लांसाठी मी हे साधन सुचवणार नाही. त्यांना निवांत चालणेच मानवते. पट्ट्यावरचा पाण्याच्या बाटलीचा कप्पा मात्र धावणारा आणि कुत्रा अशा दोघांच्याही उपयोगी पडतो.