‘काम झालं तरच पैसे द्या’ : असिस्टंट लोको पायलट भरतीतला सापळा

आधी पैसे मागणारा माणूस भामटा असतो, हे आता खेड्यापाड्यांतही कळतं. म्हणून रेल्वे भरतीतला मुरलेला एजंट हल्ली आधी पैसे मागतच नाही. घरी येतो, चहा घेतो आणि मुलाच्या वडिलांना सांगतो, “काका, एक रुपयाही आत्ता नको. नाव पॅनेलला, म्हणजे अंतिम निवड यादीला, लागलं की पाच लाख. तोवर फक्त ओरिजिनल मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि सहीचे दोन कोरे चेक माझ्याकडे ठेवा. काम नाही झालं तर कागद परत.” घरच्यांना वाटतं, यात आपलं काय जातंय?

जातं ते असं. असिस्टंट लोको पायलट म्हणजे रेल्वे इंजिनाचा सहायक चालक. या पदासाठी आधी सीबीटी-१, म्हणजे संगणकावरची पहिली परीक्षा, असते. 75 प्रश्न, 60 मिनिटं, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. ही फक्त चाळणी, इथले गुण पुढे धरत नाहीत. मग सीबीटी-२. तिचा भाग अ 100 प्रश्नांचा, 90 मिनिटांचा. भाग ब ट्रेडवरचा, 75 प्रश्न, 60 मिनिटं, त्यात 35 टक्के मिळवले की पुरे. त्यापुढे संगणकावरची कलचाचणी, म्हणजे सीबीएटी. अंतिम यादीत भाग अ ला 70 टक्के आणि सीबीएटीला 30 टक्के वजन. सीबीएटीला जागांच्या आठपट मुलं बोलावतात. म्हणजे ढोबळमानाने आठांतला एक लागतो.

आता एजंटाचा हिशेब मांडा. सीबीएटीचा कॉल आलेली चाळीस मुलं त्याने धरली. कुणाकडे काही बोलला नाही, कुठल्याही साहेबाला भेटला नाही, घरी बसून राहिला. तरी त्यातली पाचेक मुलं आपल्या अभ्यासावर लागणारच. त्या पाच जणांकडून पाच-पाच लाख, म्हणजे 25 लाख, बसल्या जागी. उरलेल्या पस्तिसांना तो कागद इमानदारीत परत करतो आणि ते लोक गावात सांगतात, “माणूस सचोटीचा आहे हो, काम झालं नाही तर पैसे घेतले नाहीत.” पुढच्या भरतीची जाहिरात फुकटात झाली.

झेरॉक्स न घेता ओरिजिनल का घेतो, तेही इथेच कळतं. निवड झाल्यावर कागदपत्र पडताळणीला मूळ प्रती घेऊन उभं राहावं लागतं. मुलगा स्वतःच्या जोरावर लागलेला असला तरी मार्कशीट एजंटाच्या कपाटात. पैसे टाका, कागद न्या. ज्याला लोक सेटिंग म्हणतात, ते सरळसरळ गहाण आहे.

“आतून माहिती आहे” हा एजंट दाखवतो तो दुसरा पुरावा. एजंट मुलाला त्याचे गुण दशांशापर्यंत सांगतो आणि घर गार पडतं. आत काही नसतं. निकाल लागला की मुलं आपल्या स्कोअरकार्डचा स्क्रीनशॉट टेलिग्राम ग्रुपवर टाकतात, “इतक्यात होईल का?” म्हणून विचारत. त्यावर नोंदणी क्रमांक असतो. जन्मतारीख कुठल्याही क्लासच्या वहीत मिळते. या दोन गोष्टींवर स्कोअरकार्ड उघडतं, मग ते कोणीही उघडो. स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर नोंदणी क्रमांक आणि रोल नंबर झाकून टाका. खरं तर टाकूच नका.

आता ‘सीबीएटी मॅनेज करतो’ हे काय प्रकरण आहे ते बघू. ही चाचणी पाठांतराची नाही. स्मरणशक्ती, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता, नजरेचा वेग अशा वेगवेगळ्या छोट्या चाचण्या असतात आणि प्रत्येकीत किमान 42 टी-स्कोअर लागतो. चारांत 70 आणि पाचवीत 41 आला तरी बाद. कुठल्याही प्रवर्गाला यात सूट नाही. हे 42 म्हणजे शंभरातले बेचाळीस गुण नव्हेत. टी-स्कोअर बाकीच्या उमेदवारांच्या तुलनेत काढतात. साधारण कामगिरीला 50 धरतात आणि तिथून तुम्ही किती वर-खाली ते मोजतात. त्यामुळे “तुला अमुक प्रश्न बरोबर करायला लावतो, 42 पक्का” असं म्हणणाऱ्याला टी-स्कोअर म्हणजे काय हेच माहीत नाही. नमुना चाचण्या लखनौच्या आरडीएसओच्या, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या, संकेतस्थळावर फुकट आहेत. त्याच पीडीएफच्या प्रिंटआउट ‘लीक सेट’ म्हणून विकल्या जातात, हे विशेष.

डोळ्यांच्या बाबतीत नुकसान पैशापुरतं राहत नाही. लोको पायलटला ए-१ वैद्यकीय दर्जा लागतो. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी 6/6, शिवाय रंग ओळखण्याची आणि रात्रीच्या दृष्टीची तपासणी. फॉगिंग टेस्टही होते, म्हणजे डोळ्यासमोर भिंग धरून लपलेला प्लस नंबर शोधतात. सीबीएटीला जातानाच नेत्रतज्ज्ञाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मूळ प्रतीत न्यावं लागतं, नाहीतर आत सोडत नाहीत. एजंट म्हणतो, “लेसिक करून घे, कळत नाही.” जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की लेसिक किंवा नंबर घालवणारी कुठलीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदाला अपात्र. म्हणजे पोराने ऑपरेशनचा खर्च केला आणि त्याच ऑपरेशनने नोकरीचं दार कायमचं लावलं. आणि हो, रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीची ठरलेली फी 24 रुपये आहे. कोणी ‘मेडिकलचे साठ हजार’ म्हटलं की हा आकडा आठवावा.

खरी लूट मात्र नापास झालेल्यांची होते. जळगावकडच्या एका आयटीआय फिटर मुलाचं उदाहरण या साऱ्या प्रकाराला लागू पडतं. सीबीएटीत एका चाचणीत तो 42 च्या खाली गेला. पंधरवड्यात एजंट परत हजर. म्हणाला, “रिप्लेसमेंट पॅनेल निघतंय, जॉइन न झालेल्यांच्या जागा आहेत.” पुरवणी निवड ही गोष्ट खरोखर असते, म्हणूनच ही थाप पचते. पण तीही रोल नंबरसह भरती मंडळाच्या संकेतस्थळावर लागते आणि 42 च्या खाली गेलेल्याला त्यातून वाट नसते. घरच्यांनी साडेतीन लाख दिले. या वेळी आधी.

महिन्याभरात पत्र आलं. ते पत्र नीट बघण्यासारखं आहे. वर राजमुद्रा, बाजूला क्यूआर कोड, हिंदी मजकूर, खाली ‘अध्यक्ष, रेल्वे भर्ती बोर्ड’ अशी सही आणि गोल शिक्का. इथेच ते खोटं ठरतं. भरती मंडळ नेमणूक देत नाही, शिफारस करतं. नेमणुकीचं पत्र संबंधित विभागीय रेल्वेकडून, तिथल्या कार्मिक विभागाकडून येतं. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जे पान उघडलं त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नव्हतं, ‘ओआरजी डॉट इन’ होतं. ‘प्रशिक्षण बॉण्ड शुल्क’ म्हणून 48 हजार यूपीआयने मागितले होते. रेल्वेत बॉण्ड लिहून घेतात, पण तो स्टॅम्प पेपरवर करारनामा असतो, कुणाच्या मोबाइल नंबरवर पाठवायची रक्कम नव्हे.

मग ‘ट्रेनिंग’. भाड्याच्या हॉलमध्ये वीसेक मुलं, गळ्यात ओळखपत्र, भिंतीवर इंजिनांचे फोटो. दुपारी स्टेशनवर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वहीत लिहायच्या. हे वाचून हसू येईल, पण 2022 मध्ये तमिळनाडूच्या 28 जणांना नवी दिल्ली स्टेशनवर जवळजवळ महिनाभर रोज आठ तास गाड्या आणि डबे मोजायला बसवलं होतं. त्यांचे 2 कोटी 67 लाख गेले. तीही मुलं शिकलेली होती.

खरं प्रशिक्षण कसं असतं हे घरच्यांना माहीत नसतं, यावरच हा खेळ चालतो. भुसावळच्या क्षेत्रीय प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी मुलाच्या हातात पहिल्यांदा सामान्य आणि सहायक नियमांचं पुस्तक पडतं. सिग्नलचे प्रकार तोंडपाठ करून घेतात. ब्रेक पाइपमध्ये 5 किलो आणि फीड पाइपमध्ये 6 किलो दाब का, गळती झाली तर काय बघायचं, ए-९ (पूर्ण गाडीचा) आणि एसए-९ (फक्त इंजिनाचा) ब्रेकमध्ये फरक काय, हे लोकोवर उभं करून शिकवतात. गाडी अडकली तर 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन डिटोनेटर, म्हणजे येणाऱ्या गाडीला सावध करणारे रुळावरचे फटाके, लावायचे, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. पुढे लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरीच्या ठिकाणी, ड्यूटीवर येताना ब्रेथलायझर, मग मुख्य लोको पायलटबरोबर प्रवास आणि सेक्शनचा रस्ता शिकणं. महिनाभर ट्रेनिंगला गेलेल्या पोराला ब्रेक पाइपचा दाब विचारा. गप्प बसला तर त्याच दिवशी घरी आणा. इंजिनात बसलेला फोटो दाखवला तर हुरळू नका, उभ्या इंजिनात फोटो काढून देणं हा एजंटांचा जुना धंदा आहे.

एक-दोन महिने ‘स्टायपेंड’ही येतो, तुमच्याच पैशांतून. बँक स्टेटमेंटवर पाठवणाऱ्याचं नाव बघा. रेल्वेचा पगार कुणा ‘एंटरप्रायझेस’च्या खात्यातून येत नाही.

अडकलाच असाल तर पहिलं काम बँकेत. कोऱ्या चेकांचे क्रमांक लिहून पेमेंट थांबवण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं पेमेंट थांबवून भागत नाही, एजंट चेक बाउन्सची नोटीस काढू शकतो. म्हणून चेक वटवायला जाण्याआधीच पोलिसांत लेखी तक्रार पडलेली हवी. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. व्हॉट्सॲपचं संभाषण डिलीट करू नका, पत्राचं पाकीटही ठेवा, त्यावरचा टपाल शिक्का कामी येतो. “आपणच पैसे दिले, आपल्यावरच केस होईल” या भीतीने बहुतेक घरं गप्प बसतात आणि एजंटाचा भरवसा त्या भीतीवरच असतो. तक्रारीत काय कसं लिहायचं हे एकदा वकिलाला दाखवून घ्या, पण थांबू नका. जून 2024 पासून लागू झालेल्या सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्याच्या कायद्यात रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षाही येतात आणि अशा संघटित टोळीला त्यात 5 ते 10 वर्षं कैद आहे.

मूळ कागद एजंटाकडेच असतील तर त्याच्या मागे फिरत बसू नका. दहावीच्या मार्कशीटची दुय्यम प्रत विभागीय शिक्षण मंडळाकडून मिळते, आयटीआयच्या कागदांसाठी आधी आपल्या संस्थेत अर्ज करा. पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत दोन्हीकडे जोडा. यात वेळ जातो, तेव्हा पडताळणीची तारीख लागायची वाट बघू नका.